रेडिओतली खरखर

रुग्णांचं साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या रांगेत मास्तर कुबड्या परत करायला उभे होते. पुढे दोघी शेजारणी बोलत होत्या.

“ह्यांना रेडिओचा नाद. लांबचा बारीक आवाज पकडायला गच्चीवर नवी तार ताणली, घरातले दिवे, फ्रिज बंद केले. तरी खरखर.”

“कशाची हो वहिनी?”

“सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनची. ते काय बंद करता येतंय?”

“छे.”

“त्याच म्हणायच्या, मी गेले की ऐक निवांत.”

“मग, त्या गेल्यावर आलं का ऐकू?”

“आलं की. अगदी स्वच्छ. दोन दिवस ऐकलं.”

“आणि आज मशीन परत द्यायला आलात.”

“नाही, मुदत वाढवायला. आता हे आधी मशीन लावतात, मग रेडिओ.”