तुळशीच्या लग्नात हानाचा प्रश्न

मुलुंड नावाचं नगर, तिथे मी, माझा लेक वसंत, नात शीतल आणि शेजारी भाड्याने राहणारी जर्मनीची हाना. तुळशीच्या लग्नाला हाना साडी नेसून आली. कुंडीतली नवरी बघून विचारते, "आजी, हिला नवरा पसंत आहे ना?"

वसंत हसला. "तिला काय विचारायचं?"

शीतल अक्षता मुठीत धरून म्हणाली, "मला तरी कुठे विचारलंत, बाबा? ठाण्याच्या स्थळाला परस्पर होकार कळवलात."

भटजी मंगलाष्टक म्हणायचे थांबले. अंतरपाट धरून माझे हात भरून आले. म्हटलं, "वश्या, विचार तिला. तोवर मी काय अशीच उभी राहू?"

त्याने विचारलं. तिने जोगेश्वरीच्या मुलाचं नाव सांगितलं.

फाल्गुनात लग्न झालं. जावई दर रविवारी येतो, बाजारातून मासे आणून स्वतः साफ करतो. वसंत सगळ्यांना सांगत फिरतो, "मुलगा मीच शोधला."