तानुबाई रेडिओवर, भाकरी माझ्यावर

...नाही, तसं रेडिओला माझं काहीच म्हणणं नाही! पण हात पिठात असताना तो बंद कसा करायचा, हे कोणी सांगितलंय का? तुम्हाला सांगतो, भडगावच्या रस्त्याला बायकांनी चालवलेलं रेडिओ केंद्र निघालं, आणि आमच्या घरची तानुबाई दर बुधवारी तिथं बोलायला जायला लागली. म्हटलं जाऊ दे, जन्मभर चुलीशी बोलली, आता जरा माणसांशी बोलेल... पण मग बुधवारची भाकरी? ती मी करायला लागलो. दार लावून. पारावर कळलं तर लीलाधरभाऊ मला जगू देईल का? अन् भाकरी थापली की थपथप आवाज भिंतीपलीकडं जातो, म्हणून मी रेडिओ मोठा लावायचो. म्हणजे तिकडं तानुबाई बोलतेय, इकडं मी थापतोय, आणि गल्ली म्हणतेय, वनाभाऊला बायकोचं केवढं कौतुक!

रेडिओला माझं काही म्हणणं नाही. पण त्या बुधवारी विषय निघाला, घरातलं काम कोणाचं. केंद्रावरची हेमांगी, गोड आवाजाची पोर, विचारते कशी, "तानुअक्का, तुम्ही इथं, मग घरी स्वयंपाक?"

माझा हात परातीतच थांबला.

"आमना घरना माणूस करस ना," ही म्हणाली. "मन्हापेक्षा पातय भाकर करस."

पातळ भाकरीचं कौतुक राहू दे, रेडिओ बंद करू म्हटलं तर दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात, आणि आवाज पार गल्लीच्या टोकाला! त्यात ती पोर विचारते, त्यांचं नाव काय? आता लग्नातल्या उखाण्यानंतर या बाईनं माझं नाव घेतलेलं नाही, दवाखान्यातसुद्धा 'भूषणचे बाप' म्हणूनच सांगते... आणि सगळ्या तालुक्यादेखत म्हणाली, "वना." तुम्हाला सांगतो, तव्यावरची भाकरी जळाली, मी उलटलीच नाही!

पुढं पारावर काय झालं असेल, विचारूच नका. आज कोणती भाजी, धुणं झालं का, लीलाधरभाऊनं महिनाभर सोडलं नाही. मी आपलं हसण्यावारी न्यायचो. मग त्याची धुरपदाबाईही केंद्रावर जायला लागली, आणि एका बुधवारी हा माझ्या मागच्या दारात, परात घेऊन उभा.

"वनाभाऊ, पीठ हातले चिकटस. काय करू?"

मी म्हटलं बस, पाणी कोमट घे, सावकाश मळ, घाई करू नको. आता दर बुधवारी मागच्या दाराशी पाच-सहा पराती असतात...

म्हणून म्हणतो, रेडिओला माझं काही म्हणणं नाही. उलट परवा हेमांगीचा फोन आला, आबा, येत्या बुधवारी तुम्हीच या, पुरुषांना समजावून सांगा! मी! रेडिओवर! टोपी धुतली, दाढी करून आलो, दोन दिवस झोप नाही. मग तानुबाईला सहज विचारलं, बुधवारी तूही केंद्रावर, मीही केंद्रावर, तर त्या दिवशी भाकरी कोण करणार? न करताच जायचं का?

तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"करीसन जा."