पाटीवरचा आय

आता बाजारात पाटीवर कसंबी इंग्रजी लिहा, कोणी टोकत नाही. इंग्रजाच्या राज्यात आमच्या अमरावतीत तसं नव्हतं बाप्पा.

आमच्या संत्र्याच्या दुकानाची पाटी रंगवाची होती. पेंटर अक्षरामागं पैसे घे. बाबानं 'फ्रूट'मधला आय गाळून टाकला. म्हणे, "ज्याचा आवाजच येत नाही, त्याचे पैसे कावून द्याचे?"

झालं! हायस्कुलातून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर रोज संध्याकाळी फिरून येताना दुकानासमोर थांबत, पाटीकडे काठी वर करत.

"नामदेव, माझ्या वर्गात शिकलास ना? आय कुठे आहे?"

"उद्या लावतो, मास्तर."

"आज अक्षर खाल्लंस, उद्या भाषा खाशील!"

कितीक वर्सं हेच चाललं. बाबाले मजा वाटे. मंग एका दिवाळीले बाबाच्या मनात काय आलं, त्यायनं पेंटर बोलावला, पाटी नव्यानं रंगवून आय चांगला ठसठशीत काढून घेतला आणि मास्तरची वाट पाहत बसले.

मधात मास्तर बरेच दिवस आले नव्हते. त्या संध्याकाळी आले, ते लेकाचा हात धरून. नेहमीच्या जागी थांबले, काठी वर केली.

"नामदेव, आय कुठे आहे?"

बाबा हसत हसत बोट दाखवाले उठले. तर मास्तरच्या लेकानं त्यायच्या मागून आपल्या डोळ्याकडे बोट केलं आणि नुसती मान हलवली. दिसत नाही म्हणून.

बाबाचं बोट तसंच खाली आलं. नव्या पाटीखाली उभं राहून ते म्हणाले,

"चुकलं, मास्तर. उद्या नक्की लावतो."