अंत्यविधीचं प्रात्यक्षिक

मी चर्चचा पाळक कसा झालो, ते विचारूच नका. पन्नास-पंचावन्न सालचं सांगतो. इंदापुरात मास्तरकी करत मी टपालानं धर्मशास्त्र शिकत होतो. अंत्यविधीच्या प्रात्यक्षिकाला पुण्याहून परीक्षक आले. प्रेत म्हणून शेजारचे वांगी पिकवणारे आबा खाटेवर आडवे झाले. आठवडाभर सरावालाही तेच मेले होते.

परीक्षकांपुढे मला प्रार्थनाच आठवेना. डोळे न उघडता प्रेत कुजबुजलं, "मास्तर, आता मातीला माती म्हना."

मी म्हटलं. परीक्षक गुणपत्रिकेवर पेन टेकवून बसले.

शेवटी आबा उठून बसले. "साहेब, पास करून टाका. उद्या पुन्हा मरायला जमायचं न्हाय, बाजार हाय."

पास झालो. ते गुण माझे की आबांचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.