साखर न चढणारा भात

नाही नाही, चमचा खाली ठेवू नका साहेब — आमच्या वाणाला मान्यता द्यायला आलात ना, मग अजून एक घास घ्या. कडक लागतो? कडक नाही हो, सुटसुटीत आहे. उमेदीची सगळी वर्षं संकर करण्यात घालवलीत मी, उगाच नाही — ज्या दाण्यातलं पिष्ट पोटात सावकाश विरघळतं तो पुढच्या हंगामाला ठेवायचा, बाकीचा कोंबड्यांना. कोंबड्या मजेत आहेत आमच्या. हसलात? हसा. हा दाणाही टाकून पाहिला होता त्यांना, पण त्यांनी — जाऊ दे, कोंबड्यांना कुठे मधुमेह असतो.

आईसाठी सुरू केलं हे. डॉक्टरांनी तिचा भात बंद केला तेव्हा ताटासमोर बसून रडली हो, एवढी खमकी बाई. म्हटलं, आई, तुझ्यासाठी भात मी काढतो, पोटभर खा. आणि काढला! चाचणीला आलेल्या एकाचीही साखर चढली नाही. आमच्या संस्थेच्या संचालकांनी पाठ थोपटली माझी — स्वतः नाही खाल्ला, त्यांचं नेमकं पोट बिघडलं होतं.

काय म्हणालात? ताटात किती उरला होता? ते कशाला मोजायचं? वाढताना मोजून वाढला होता ना, अगदी ग्रॅमवर. आता संपवला की नाही — ताटं मावशी उचलतात. खरकट्याची बादली जड झाली म्हणून कुरकुरत होत्या, पण त्या नेहमीच कुरकुरतात.

बरं, चाचणी सोडा, घरचं सांगतो. आई दोन्ही वेळा हाच भात खाते. साखर कशी ताब्यात! वजनही उतरलंय, इतकं की अंगठी बोटात राहत नाही — हा फायदा तर अर्जात घालायचाच राहिला बघा. कसा झालाय गं, विचारलं की म्हणते, तू केलायस ना, मग छानच. माझ्यासमोर दोन घास खाते, आणि मग म्हणते, तू नीघ कामाला, मी खाते सावकाश —

सावकाश.

असं बघू नका माझ्याकडे. तिला आवडतो. खोटं कशाला बोलेल ती, आणि तेही माझ्याशी — माझ्याशीच बोलेल म्हणा. ठेवा ते ताट. नाही, सही राहू द्या. तुम्ही निघा आता साहेब. मला घरी जायचंय, आई उपाशी आहे माझी.