मेलेल्या वादळाचा पाऊस

— नाही हो सर, आकडा बरोबरच आहे. एका दिवसात तीनशे शहाऐंशी मिलिमीटर पाऊस. विराकच्या तुमच्या हवामान ऑफिसात कुणाला जास्त वाटला असेल, तर वाटू दे की! रताळं घ्या, गरम आहे. हे? हे डोंगरावर अबाकाच्या, त्या दोरखंडाच्या केळीच्या, बागेत गेलेत, उशीर होईल. मी पासिंग, त्यांची बायको — मलाच विचारा ना, मोजताना मी शेजारीच असते.

तर हे वादळ आधी होतं काय? काही नाही — पलाऊकडे समुद्रात ढगांचं गाठोडं. मग बाळसं धरलं, तुम्ही लोकांनी बारसं केलं, आणि नाव मिळाल्याबरोबर अंगात आलं त्याच्या! सगळं गाव शाळेत जाऊन बसलं, डुकरं-कोंबड्यांसकट. आणि ते गेलं कुठून? लांबून, उत्तरेकडनं. एक पत्रा उडाला नाही. दुपारी रेडिओ म्हणाला, वादळ विरलं, धोक्याचा सिग्नल उतरला. झालं — जो तो चटया गुंडाळायला लागला, नदीकाठची सतरा घरं सगळ्यांच्या आधी! मी दारातच आडवी उभी राहिले. आमचे हे म्हणायचे, वादळ मेलं म्हणजे वारा मेला, पाऊस मागे राहतो. गावाचा कप्तान, म्हणजे आमचा सरपंच, हसला — पासिंग, मेलेल्याला कशाला घाबरतेस? म्हटलं, चल, आमच्या अंगणातला पाऊस मोजायचा मापक बघ. दोन तासांत आतली नळी भरून बाहेरच्या डब्यात पाणी! ते नळीत ओतून-ओतून मोजलं त्याच्यासमोर, तेव्हा त्यानेच सगळ्यांना शाळेत परत बसवलं. संध्याकाळी नदीने पाच घरं नेली. रिकामी नेली, सर. माझं मोजमाप मार्चपासून एकदाही चुकलेलं —

काय? मार्चपासून का?

बरं, गेले हो ते. मार्चमध्ये गेले. गावाला ठाऊक आहे, तुमच्या ऑफिसला नाही. कळवलं असतं तर मापक उचलून नेला असता तुम्ही. सही त्यांची करते, आकडा खरा लिहिते — एवढंच खोटं. घर खायला उठतं, सर. पण सकाळी आठ वाजले की अंगणात जायचं, त्यांनी शिकवलं तशी नळी डोळ्यांसमोर धरायची... तेवढा वेळ बरं वाटतं मला.

अहो, कुठे निघालात? मापकाकडे? न्यायचा तर न्या, मी कोण अडवणार? पण ती छत्री आधी बाजूला घ्या — पाऊस अडतोय त्याच्यावरचा! आणि सरका जरा. आठ वाजले.