टेक्यावरची करकर

(सकाळची वेळ. सोनगीरबाहेरचं प्रेमराजचं शेत. बांधाला भुसकटाची पोती रचून त्यावर कागदी लक्ष्य लावलेलं. समोर धनुष्य घेतलेली ज्योती, तिचे वडील प्रेमराज आणि त्यांचा मित्र हारुन.)

ज्योती : नाही जमत, हारुनचाचा. पुन्हा वाजलं.

हारुन : कसं वाजेल? नवरदेवाच्या गाडीला लावतो ती मखमल चिकटवलीय. माझ्या सीटकव्हरच्या दुकानात यापेक्षा भारी कापड नाही.

ज्योती : कडेला उघडं लोखंड राहिलंय. आणि मखमल जाड आहे, बाण उचलला जातो. मघाचा वरच्या पोत्यात गेला.

हारुन : मला वाटलं, तुझा नेम चुकला.

ज्योती : माझा नेम नाही चुकत.

हारुन : ऐका, प्रेमराजभाऊ! प्रमिलावहिनींची लेक शोभते की नाही?

प्रेमराज : हं.

हारुन : झालं. वहिनी गेल्यापासून हा माणूस रोज माझ्याकडे येतो, ट्रकच्या सीटवर बसतो, चहा पितो आणि एक "हं" ठेवून जातो. गिऱ्हाईक विचारतं, हे भाऊ मुके आहेत का?

ज्योती : नानांना नका छळू. ते बाण टेकतो त्या टेक्याचं बघा.

हारुन : बघतो. पण एवढ्याशा आवाजाने बिघडतं काय? बाण तर सुटतोच.

ज्योती : सुटत नाही ना! दोरी ओढली की बाण या दोन काट्यांवर घासत मागे येतो. करर्र होतं. ते ऐकलं की बोट अडतं. मग ढिलं करून खाली घ्यावं लागतं. उद्या धुळ्याच्या निवड चाचणीत वेळ लावलेली असते. वेळेत बाण सुटला नाही तर तो फुकट. असं दोनदा झालं की घरी.

हारुन : कुणाचं हे धनुष्य? रंगही झाडपाल्यासारखा.

ज्योती : जुनं घेतलंय. परदेशात शिकारीला वापरतात. करकर झाली की हरण पळतं म्हणे.

हारुन : इथे हरीणही तूच आणि शिकारीही तूच.

प्रेमराज : ती मखमल काढ.

हारुन : बोलले!

प्रेमराज : काढ म्हणतो ना. गोंदही खरवड. पंपाच्या वायरीला जोड दिला की आपण काळी नळी चढवतो, गरम केली की आवळते, ती आणतो. पातळ असते. बाण उचलणार नाही.

हारुन : आणि हे मला आता सांगताय? अर्धा मीटर मखमल कापल्यावर?

प्रेमराज : तू विचारलंस कुठे? (नळीचे तुकडे आणून काट्यावर चढवतो.) ज्योती, काटा धर. हलवू नको. हारुन, काडी ओढ. लांबून... लांबून रे, जाळशील!

हारुन : आवळली. अंगावरच्या कातड्यासारखी बसली.

प्रेमराज : दुसऱ्यालाही. हं. आता बाण ठेव आणि ओढ.

ज्योती : (बाण ठेवून दोरी गालापर्यंत ओढते.)

हारुन : काहीच ऐकू नाही आलं!

प्रेमराज : मग सोडत का नाहीस?

ज्योती : नाही सुटत.

हारुन : आता काय वाजलं?

ज्योती : काही नाही. काहीच वाजलं नाही. म्हणून तर.

प्रेमराज : खाली घे. हळू. दम खा.

हारुन : मला एक कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात भुसावळच्या स्पर्धेतून ढाल आणलीस, ती कोणत्या धनुष्याने?

ज्योती : याच.

हारुन : तेव्हा टेक्याला काय लावलं होतं?

ज्योती : काही नाही.

हारुन : मग तेव्हा करकरत नव्हता?

ज्योती : करकरत असेल. मला ऐकू नाही आला.

प्रेमराज : कसा येईल? प्रेक्षकांच्या दोरीमागे तुझी आई बसली होती.

ज्योती : नाना...

प्रेमराज : मी शेजारीच होतो ना. पार पहिल्या बाणापासून शेवटच्यापर्यंत तिचं चालू. पलीकडच्या बाईला तुझ्या मावशीचं लग्न सांगितलं, मग आमच्या म्हशीचं आजारपण. मी म्हटलं, हळू बोल, पोरीला त्रास होईल. तर मला म्हणे, "तुले काय समजस? पोर मना आवाजवरच उभी शे."

हारुन : पोर माझ्याच आवाजावर उभी आहे! अस्संच बोलायच्या वहिनी. अगदी अस्संच.

ज्योती : मला शब्द कळायचे नाहीत. नुसतं मागे काहीतरी चालू असायचं.

हारुन : मग काय, उद्या दोरीमागे मी बसतो. माझं तोंड दुखत नाही.

ज्योती : तुम्ही हसवता, चाचा. हसले की हात हलतो.

हारुन : मग राहिलं कोण?

प्रेमराज : मला नाही येत असं बोलायला.

हारुन : आत्ता कोण बोललं मग? मी तर नव्हतो.

प्रेमराज : तिचं सांगायचं होतं म्हणून...

ज्योती : तेच सांगा ना. मी बाण लावते. माझ्याकडे बघू नका, हारुनचाचांना सांगा.

प्रेमराज : काय सांगू? ...तुला आठवतं का रे हारुन, लग्नानंतर पहिल्यांदा तू जेवायला आलास?

हारुन : भरीत होतं.

प्रेमराज : भरीत. वांगी तुझ्या वहिनीनेच भाजली, ठेचलीही हिनेच. घरात नवी. मीठ आधी एकदा घातलंय ते विसरली आणि पुन्हा घातलं. आमच्या वडलांनी पहिला घास घेतला, आणि मान वर नाही केली. तू पाण्याचा तांब्या संपवलास. मी म्हटलं, आता ही रडते. तर ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणे... (बाण सुटून पोत्यात रुततो.) लागला का गं?

ज्योती : मधोमध. थांबू नका, नाना. काय म्हणाली आई?